जर्मनीला मुलीचे पैसे पाठवायचेत, युरोचा खरा रेट बघायचा कुठे?

कर्वेरोडची_आई:
नमस्कार मंडळी. लेकीला जर्मनीत मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये, ऑक्टोबरपासून सेमिस्टर. दोन वर्षं बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे क्लास झाले, आता व्हिसाची फाइल चालू आहे आणि त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (आधी सगळे भरायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ठरावीकच काढता येतात असं खातं) ११,९०४ युरो भरायचेत, महिन्याला ९९२ या हिशोबाने वर्षाचे. आम्ही एफडी मोडून पैसे तयार ठेवलेत. काल आमच्या बँकेत गेले, २२ वर्षं खातं आहे तिथे, तर त्यांनी सांगितलेला रेट आणि मी तिथेच उभं राहून मोबाईलवर बघितलेला रेट यात एका युरोमागे २ रुपये ८० पैशांचा फरक. विचारलं तर म्हणाले मॅडम गूगलचा रेट कुणालाच मिळत नसतो, आम्ही कमिशन काही घेत नाही. मग हे २.८० कसले? हे खरंच असंच असतं का, आणि कमी करून मिळतं का? शिवाय तिला सोडायला आम्ही दोघं जाणार आहोत दहा दिवस, त्यातले तीन दिवस प्राग. तेव्हा हातात किती कॅश ठेवायची, कार्ड कुठलं न्यायचं, काहीच कळत नाहीये. ज्यांनी अलीकडे केलंय त्यांनी प्लीज लिहा.

कॅम्पवाला:
ताई, आधी अभिनंदन लेकीचं. बँकेतला माणूस अर्धं खरं बोलला. गूगलवर दिसतो तो मधला रेट, बँका आपापसात ज्याच्या आसपास व्यवहार करतात तो, आणि तो आपल्याला हुबेहूब मिळत नाही हे बरोबर. पण त्याच्यापासून किती लांब जायचं हे बँकच ठरवते. सोनं घेताना कसं भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी लिहिलेली असते, इथे घडणावळ भावातच मिसळलेली असते म्हणून "कमिशन शून्य" लिहायला जागा मिळते. तुमचा हिशोब करा ना, २.८० गुणिले ११,९०४ म्हणजे ३३,३३१ रुपये. एवढी घडणावळ आहे ती.

मी एमजी रोडच्या एका मनी चेंजरकडे सात वर्षं काउंटरला होतो, आता दुसऱ्या धंद्यात आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. बँकेच्या शाखेत रोज सकाळी एक रेटचा तक्ता येतो, त्याला कार्ड रेट म्हणतात, त्याचा क्रेडिट कार्डाशी संबंध नाही. दिवसभरात बाजार हलला तरी बँकेला तोटा होऊ नये म्हणून त्यात भरपूर ऐसपैस जागा ठेवलेली असते आणि शाखेतला माणूस समोर आलेल्याला तोच रेट वाचून दाखवतो. पण रक्कम मोठी असली की शाखेला ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन खरेदी-विक्रीच्या विभागाकडून, त्या क्षणाचा लाइव्ह रेट मागवता येतो. तुमचे ११,९०४ युरो म्हणजे लहान रक्कम अजिबात नाही. "मला कार्ड रेट नको, ट्रेझरीचा स्पेशल रेट मागवा" एवढं वाक्य म्हणा, आवाज न चढवता, आणि शक्यतो मॅनेजरला.

अजून एक. त्याच तक्त्यात चार-पाच रकाने असतात. नोटा विकायचा रेट सगळ्यात महाग, कारण नोटा प्रत्यक्ष आणायच्या, सांभाळायच्या, विमा काढायचा. खात्यातून खात्यात पाठवायचा रेट म्हणजे टीटी सेलिंग, तो नोटांपेक्षा स्वस्त. कधीकधी घाईत चुकून नोटांचा रेट सांगतात तेव्हा कुठला रकाना वाचताय ते बोट ठेवून विचारा.

कर्वेरोडची_आई:
बापरे ३३ हजार! मी गुणाकारच केला नव्हता, दोन-अडीच रुपयांचंच वाटत होतं. जीएसटी वेगळा लागेल म्हणाले, तो पण कमी होऊ शकतो का?

कॅम्पवाला:
नाही, आणि त्याच्या मागे लागूही नका. तो सरकारी सूत्राने निघतो. पूर्ण रकमेवर १८ टक्के नसतो हां, बरेच लोक तिथेच घाबरतात. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात, कमीत कमी २५० रुपये, मग एक ते दहा लाखाला १,००० अधिक लाखाच्या वरच्या रकमेचा अर्धा टक्का, दहा लाखाच्या वर ५,५०० अधिक उरलेल्याचा ०.१ टक्का. त्या किमतीवर १८ टक्के. म्हणजे एक लाखाचं चलन घेतलं तर जीएसटी फक्त १८० रुपये. बारा लाखाला हजाराच्या थोडा वर. पुण्यातल्या कुठल्याही दुकानात तेवढाच. भांडायचं ते रेटवर.

मुळशी_ते_म्युनिक:
मी २०२४ ला हेच केलंय त्यामुळे टीसीएसचं (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो टॅक्स) नीट वाचा, ते इथे कुणी लिहिलं नाही अजून. आर्थिक वर्षात एका माणसाच्या पॅनवर परदेशी पाठवलेली रक्कम दहा लाखाच्या वर गेली (आमच्या वेळी ७ लाख होती, एप्रिल २०२५ पासून १० झाली) की वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. तो टॅक्स म्हणून बुडत नाही, रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा नोकरी असेल तर ऑफिसात सांगून पगाराच्या टीडीएसमधून वळता करता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात आणि ऐन ॲडमिशनच्या वेळी ते जड जातं. तुमचे बारा लाखाच्या आसपास होतील. दोघांचे पॅन वेगवेगळे आहेत ना, मग अर्धे तुम्ही अर्धे काका असं पाठवा, प्रत्येकाची दहा लाखाची मर्यादा स्वतंत्र आहे. अर्थात पैसे खरंच दोघांच्या आपापल्या खात्यात असले पाहिजेत. आणि ए-टू फॉर्मवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकेतल्या अर्जावर, पर्पज शिक्षणाचाच लिहा. माझ्या मित्राच्या वडलांच्या फॉर्मवर शाखेतल्या मुलीने नातेवाईकांचा चरितार्थ असं टिक केलं होतं, त्याला टीसीएसची टक्केवारी शिक्षणापेक्षा बरीच जास्त असते, तीन आठवडे दुरुस्तीत गेले. ॲडमिशन लेटरची प्रत जोडा, सही करायच्या आधी तो रकाना स्वतः वाचा. बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर टीसीएस लागतच नाही, तुमचं एफडीचं आहे म्हणून सांगतोय.

दुसरं म्हणजे मधल्या बँकांचे चार्जेस. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवताना तीन पर्याय असतात, सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, निम्मा निम्मा, किंवा सगळा घेणाऱ्याचा. काही न सांगता निम्मा निम्मा लावतात आणि मग वाटेतली बँक पंधरा-वीस युरो काढून घेते आणि ब्लॉक्ड अकाउंटला ११,८८५ पोचतात, की व्हिसाचं कन्फर्मेशन अडकलं. "अवर" नावाचा पर्याय घ्या, तोच पहिला. शिवाय पाच-पन्नास युरो जास्तच पाठवा. आणि दोन वेगवेगळ्या नावांनी जाणार असतील तर दोन्हीकडे लेकीचा रेफरन्स नंबर टाकायला विसरू नका.

भटकी_औंधकर:
प्रागचं मी सांगते, दोनदा जाऊन आलेय आणि पहिल्यांदा चांगलाच फटका बसलाय. चेक रिपब्लिक युरोपियन युनियनमध्ये आहे म्हणून युरोचं कार्ड भरून नेलं, पण तिथलं चलन कोरुना! एका बँकेचं फॉरेक्स कार्ड होतं, प्रत्येक स्वाइपला क्रॉस करन्सीचे साडेतीन टक्के लागत गेले आणि ते घरी येऊन स्टेटमेंट बघितल्यावर कळलं. तीन दिवसांसाठी कोरुनाचं वेगळं काही करू नका, एखादं झिरो मार्कअप (परदेशी चलनात खर्च केल्यावर बँक वरचा चार्ज लावत नाही असं) डेबिट किंवा क्रेडिट कार्ड जवळ ठेवा, तिथे सगळीकडे टॅप चालतं. साधं क्रेडिट कार्ड असेल तर त्याचा मार्कअप आधी विचारा. बहुतेक कार्डांना साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के, लाख रुपये खर्च केले की ४,१३० असेच गेले.

आणि हे तर अगदी लक्षात ठेवाच ताई. दुकानात, हॉटेलात मशिनवर विचारतात, रुपयात भरायचे की कोरुनात? आपल्याला वाटतं रुपयात बरं, किती गेले ते लगेच कळेल. ते अजिबात करू नका!! रुपयाचा रेट तिथे तो दुकानदार आणि त्याची मशिनवाली कंपनी मिळून लावते, बाजारभावापेक्षा पाच-सात टक्के सुद्धा वर असू शकतो, आणि कितीतरी बँका रुपयात घेतलं तरी परदेशी व्यवहार म्हणून त्यावर आपला चार्ज लावतात, म्हणजे दुहेरी. कायम तिथल्या चलनात. एटीएमला पण हाच प्रश्न येतो आणि तिथे जरा भीती घालणारी भाषा असते, हिरवं बटण ॲक्सेप्ट कन्व्हर्जनचं आणि लाल डिक्लाइनचं. लाल दाबलं की व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. होत नाही, फक्त त्यांचा रेट रद्द होतो, पैसे येतात. माझ्या सासूबाई मशिनसमोर दोन मिनिटं हात धरून उभ्या होत्या, दाबू नको दाबू नको म्हणत. दाबलं, नोटा आल्या.

सदाशिवपेठ३०:
प्रागमध्ये मनी चेंजरकडे फसलात तर एक कायदा आहे बरं का, एप्रिल २०१९ पासून. १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात जाऊन रद्द करून मागता येतो, पावती हवी. पर्यटकांना इतकं लुटत होते तिथे की सरकारला करावं लागलं. आणि रस्त्यात कोणी गाठून "चांगला रेट देतो" म्हणाला तर सरळ पुढे चालायचं, दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हातात ठेवतात.

माझा पण एक प्रश्न विचारतो, नवीन धागा काढत नाही. आमची आत्या गेल्या वर्षी वारली, तिच्या कपाटात पाकिटात २० पौंडांच्या नऊ नोटा निघाल्या, राणीच्या, कागदी. ती ९८ साली मुलाकडे गेली होती तेव्हाच्या असाव्यात. लक्ष्मी रोडजवळच्या एकाने बघितल्या आणि म्हणाला रद्दी आहे. खरंच का?

कॅम्पवाला:
रद्दी अजिबात नाही, टाकू नका. कागदी २० आणि ५० पौंडांच्या शेवटच्या नोटासुद्धा ३० सप्टेंबर २०२२ ला चलनातून गेल्या, ९८ च्या काळातल्या तर त्याच्याही आधी, त्यामुळे पुण्यात कोणी चेंजर घेणार नाही, त्याला पुढे विकताच येत नाहीत. पण बँक ऑफ इंग्लंड स्वतःच्या जुन्या नोटा कायम बदलून देते, त्याला मुदत नाही. लंडनला थ्रेडनीडल स्ट्रीटवर काउंटर आहे, पोस्टाने पण घेतात. आत्याचा मुलगा तिकडेच असेल तर काहीच प्रश्न नाही, तिथल्या काही पोस्ट ऑफिसांमध्येही ओळखपत्र दाखवून दोन वर्षांत ३०० पौंडांपर्यंत बदलून मिळतात, तुमचे १८० आहेत.

सदाशिवपेठ३०:
खूप खूप आभार. मुलगा तिकडेच आहे, दिवाळीला येतोय. आईला सांगितलं तर तिच्या डोळ्यात पाणी आलं. पैशाचं नाही, आत्याने जपून ठेवलेले होते ना.

शारजाकर:
सगळं पाठवण्याबद्दल चाललंय म्हणून उलट्या बाजूचं लिहितो. मी १४ वर्षं इकडे शारजाला, घर धायरीला, दर महिन्याला पैसे पुण्याला. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला, १९९७ पासून हललेला नाही. त्यामुळे दिरहमचा भाव वेगळा बघायची गरज नाही, डॉलर-रुपया बघितला की झालं. पगार झाला की एक्स्चेंजसमोर रांग लागते. त्यात उभं राहायच्या आधी मी तीन ॲपवर एकच प्रश्न टाकतो, एवढे दिरहम दिले तर पुण्याच्या खात्यात रुपये किती पडणार. फी किती, रेट किती हे वेगवेगळं बघत बसलो की गोंधळ होतो, कारण एकाची फी शून्य आणि रेट पडका, दुसऱ्याची फी १५-२० दिरहम आणि रेट चांगला. लहान रकमेला पहिला बरा, मोठ्या रकमेला दुसरा. शेवटचा आकडा तेवढा खरा.

सुरुवातीला मी रेट चढायची वाट बघायचो. एकदा घराचा हप्ता असताना वीस दिवस थांबलो, रेट वाढला १२ पैशांनी, आणि हप्त्याला उशीर झाल्याचा दंड त्याच्यापेक्षा जास्त. तेव्हापासून घरखर्च आणि हप्ता ठरलेल्या तारखेला जातो म्हणजे जातोच. साठवायचे असतात तेवढ्यांचीच वाट बघतो. आणि नवीन आलेल्यांसाठी, तिकडचं जुनं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवू नका, एनआरआय झालात की ते एनआरओ (भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्यायचं असतं आणि इकडची कमाई एनआरईला (परदेशी कमाईसाठीचं खातं) टाकायची, त्याचं व्याज भारतात करमुक्त आणि परत न्यायला अडचण नाही.

जर्सीसिटी_पुणे:
+१ शेवटच्या आकड्याला. अमेरिकेतून पाठवणाऱ्यांनी ॲपचा पहिल्या वेळचा रेट बघून भुलू नका, तो फक्त नवीन गिऱ्हाइकाला असतो, दुसऱ्या महिन्यात तोच ॲप साधा रेट देतो, म्हणून दर वेळी तुलना करायला लागते. मी वाइज आणि अजून दोन उघडते. वाइज मधला रेट तसाच दाखवतं आणि फी वेगळी लिहितं त्यामुळे निदान मोजपट्टी म्हणून तरी उपयोग होतो. जानेवारी २०२६ पासून इथून बाहेर पाठवायच्या पैशांवर १ टक्का टॅक्स लागलाय पण तो रोख किंवा मनी ऑर्डर देऊन पाठवलं तर, बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट कार्डावरून पाठवलं तर नाही. आईला कोणीतरी व्हॉट्सॲपवर सांगितलं सगळ्यांना लागणार म्हणून, ती म्हणाली मला नको पाठवू काही.

भटकी_औंधकर:
कॅशचं राहिलं. जर्मनीत कार्ड चालतं पण बेकरी, छोटी रेस्टॉरंट, बाजार इथे अजून रोखच मागतात, दोघांना मिळून ३००-४०० युरो असू द्या. नोटा इथूनच घ्या, विमानतळावर अजिबात नको, तिथला रेट सगळ्यात वाईट, मुंबई असो की लोहगाव. लेकीला पण थोडे द्या, पहिले दोन आठवडे तिथलं खातं उघडेपर्यंत रूमचं डिपॉझिट वगैरे निघतंच. थायलंडला जाणाऱ्यांसाठी मात्र उलटं, पुण्यात बाहत घेऊ नका, शंभराच्या करकरीत डॉलर नोटा न्या आणि बँकॉकमध्ये सुपररिचला बदला, तिथे मोठ्या नोटेला लहान नोटेपेक्षा चांगला रेट मिळतो. एटीएमने काढले तर दर वेळी २०० बाहतच्या वर चार्ज आहे.

कॅम्पवाला:
नोटा घेताना ५० हजार रुपयांच्या आत असेल तरच रोख चालतं, वरचं खात्यातून द्यावं लागतं. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट न्या. दुकान रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेलं आहे का बघा आणि पावती घ्याच. परत आल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांच्या आत परत द्यायच्या असतात, २,००० डॉलरपर्यंतच्या ठेवल्या तरी चालतात. नाणी मात्र कोणी घेत नाही, ती निघताना तिथेच कॉफीत संपवा. आणि फॉरेक्स कार्डाने हॉटेलचं डिपॉझिट देऊ नका, ते ब्लॉक होतात आणि सुटायला कधी कधी आठवडे लागतात, तेवढे पैसे ट्रिपभर वापरता येत नाहीत. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड. पण त्याच क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज.

कर्वेरोडची_आई:
काय सांगू, इतक्या मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मी सगळं वहीत उतरवून ह्यांना वाचून दाखवलं. उद्या सकाळी दोघं जातोय.

कर्वेरोडची_आई:
झालं काम! सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

मंगळवारी साडेदहाला, बाजार चालू असताना, तीन ठिकाणी एकाच वेळी रेट विचारला. मी बँकेत बसले, हे डेक्कनला एका मनी चेंजरकडे आणि लेकीने घरून ऑनलाइन. ऑनलाइनवाल्यांचा मध्यापासून १ रुपया ४० पैसे वर. मनी चेंजरचा १ रुपया १० पैसे, वर प्रत्येक ट्रान्सफरला ९०० आणि जीएसटी, आमच्या दोन ट्रान्सफर म्हणून २,१२४. बँकेत आधी परत तेच २.८०. मग मी कॅम्पवाल्यांचं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. त्या मुलीने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने फोन लावला, दहा मिनिटं थांबवलं आणि १ रुपया २५ पैसे. ट्रान्सफरचा चार्ज पण सोडला, जुनं खातं म्हणून. वहीत हिशोब केला, चेंजरकडे १३,०९४ अधिक २,१२४ म्हणजे १५,२१८, बँकेत १४,८८०. बँकेतच केलं. पहिल्या दिवशी मान डोलावून सही केली असती तर ३३,३३१ गेले असते. १८,४५१ रुपये वाचले, तिचं जायचं विमानाचं तिकीट यात निम्म्याच्या वर निघतंय.

५,९५२ युरो माझ्या पॅनवर, ५,९५२ ह्यांच्या. पर्पजचा रकाना मी स्वतः वाचला आणि तिथे खरंच दुसरंच काहीतरी टिक केलेलं होतं, बदलून घेतलं. अवर सांगितलं. वरचे पन्नास युरो मात्र विसरले.

मुळशी_ते_म्युनिक:
अवर घेतलंय ना, मग बहुतेक पूर्ण पोचतील. दोन-तीन दिवसांत कळेल. कमी पडले तर लगेच लिहा, मी इथेच आहे, ५० युरो मी इकडून टाकतो, तुम्ही मला नंतर द्या.

कर्वेरोडची_आई:
पोचले. दोन्ही. ११,९०४ पूर्ण, आज दुपारी कन्फर्मेशनची मेल आली. लेक फाइलला लावायला प्रिंट काढायला गेलीये. दादा, तुम्ही म्युनिकला नक्की कुठे राहता ते कळवा, निघताना तुमच्यासाठी बाकरवडी आणि भाजणी ठेवते तिच्या बॅगेत.